नापासराव मागच्या सीटवर

आमच्या ह्यांना अख्खा गाव नापासराव म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर साहेब. चौतीस वर्षं हे वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक होते. मैदानावर चुन्याने मोठा आठचा आकडा काढलेला असायचा, त्यावरून मोटरसायकल चालवून दाखवायची, मध्ये पाय जमिनीला टेकला की नापास. हे कडेला खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर वही, आणि नजर गाडीवर नाही, माणसाच्या बुटांवर. लाच नाही, वशिला नाही, दयामाया तर नाहीच नाही.

मलाही तीनदा नापास केलं. सख्ख्या बायकोला. तिसऱ्यांदा नापास करून घरी आले आणि म्हणाले, "चहा टाक." मी टाकला, साखर घातली नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

पण मीही काही कमी नाही. हे निवृत्त झाल्यावर सहा महिने भावाच्या मोटरसायकलवर हात साफ केला आणि ह्यांच्या जागी आलेल्या साहेबापुढे जाऊन चौथ्या खेपेला पास झाले. हा परदेशप्रवास ठरला तेव्हा तोच साहेब म्हणाला, "काकू, तिकडे गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना वेगळा लागतो. घ्या करून, आता आलाच आहात तर." तोही घेतला. दोन्ही परवाने माझ्या पर्समध्ये, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या मागे. ह्यांना पत्ता नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, त्या पोराने तुला सूट दिली. पास झाल्याचा आनंद मला नापासरावांकडून तपासून घ्यायचा नव्हता.

आता परदेशात कशासाठी, तर कारण लेक. ती इथे राहते आणि चार वर्षं बापाशी एक अक्षर बोललेली नाही. माझ्याशी महिन्यातून एकदा बोलते, तेही कशी आहेस, बरी आहे, ठेवते. भांडण कशावरून झालं म्हणाल तर त्याच आठच्या आकड्यावरून.

झालं असं, की लेकीचं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलावर मन बसलं. त्याला चांगल्या कंपनीत नोकरी लागत होती, पण मोटरसायकलचा परवाना हवा होता. लेकीने आदल्या संध्याकाळी बापाला सांगितलं, "बाबा, मला ज्याच्याशी लग्न करायचंय तो उद्या तुमच्याकडे टेस्टला येतोय. बघून घ्या." आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्याला नापास केलं. नोकरी गेली. लेक रडत घरी आली. म्हणाली, "आई, मी कुंपणाबाहेरून बघत होते. पाय टेकला नव्हता. बाबांनी मुद्दाम केलं."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "तुझ्या बापाने मला तीनदा नापास केलंय. तो माणूस वहीत खोटं लिहिणार नाही. तू त्या पोरापायी आंधळी झालीस, आणि वर बापाला खोटं पाडतेस." महिन्याभरात दोघांनी विवाह नोंदणीच्या कचेरीत जाऊन लग्न केलं. आम्हाला बोलावलं नाही, आम्ही गेलो नाही. मग त्याला इकडे काम मिळालं आणि दोघं निघून आली.

यंदा ज्येष्ठ नागरिकांच्या एका सहलीत ह्याच देशाचं नाव दिसलं आणि मी दोन जागा धरल्या. लेकीला कळवलं. ती म्हणाली, "आम्ही हे घर सोडतोय. त्याला आणखी लांब काम लागलंय. गुरुवारी तीनला टॅक्सी येणार, आम्ही विमानतळावर जाणार. त्याआधी जेवायला या." थोडं थांबून म्हणाली, "त्यांना आणायचं तर आण." चार वर्षांत पहिल्यांदा एवढं म्हणाली होती. हे हुकलं तर पुन्हा योग कधी येणार, कुठल्या देशात, आणि तोवर आमच्यातलं कोण उरणार.

गुरुवार उजाडला. लेकीचं घर हॉटेलपासून वीस किलोमीटर, किनाऱ्याच्या रस्त्याने सरळ. दाराशी टॅक्सी उभ्या. पण एकही टॅक्सीवाला आम्हाला घेईना. दोष कुणाचा? आदल्या दिवशी बाजारात जाताना हे पुढच्या सीटवर बसले आणि सवयीने ड्रायव्हरला मार्क द्यायला लागले. इशारा उशिरा दिला. आरसा बघितला नाही. हात चुकीच्या जागी. त्या भल्या माणसाने तिसऱ्या चौकात गाडी थांबवली, आम्हाला उतरवलं आणि पैसेही न घेता निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या टॅक्सीवाल्यांत ही गोष्ट पसरली होती.

"काही बिघडत नाही," हे म्हणाले. "मोटरसायकल भाड्याने घेऊ."

"परवाना लागेल ना?"

"आहे की." खिशातून आपला घरचा परवाना काढून दाखवला.

"इथला वेगळा लागतो म्हणे. आंतरराष्ट्रीय."

त्यावर असे हसले, जणू मी माशाला पोहायला शिकवतेय. "अगं, ते परवाने द्यायचं कोण? मी. सही कुणाची असायची? माझी. हजारभर तरी दिले असतील. मला कशाला लागतोय?"

ह्याला म्हणतात दिव्याखाली अंधार. दुसऱ्या कुणी हे उत्तर दिलं असतं तर ह्यांनी त्याला जन्मभर नापास केलं असतं. मी पर्सवर हात ठेवला आणि तोंड मिटून घेतलं. आज ह्यांचा मूड जपायचा होता. बापलेक एका खोलीत येणार होते, त्याआधी परवान्यावरून कुरुक्षेत्र नको.

भाड्याच्या गाड्यांचं दुकान हॉटेलसमोरच होतं. गाडीवाल्याने परवाना उलटा धरून पाहिला, ठीक आहे म्हणाला आणि दोन हेल्मेट दिली. माझं इतकं मोठं होतं की मान वळवली तरी हेल्मेट समोरच बघत राहायचं. हे मात्र खुशीत. ताठ बसले, आरसे दोनदा पुसले, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं तरी इशारा देऊन निघाले. नऊ किलोमीटर आम्ही इतके नियमाने गेलो की एक सायकलवाली आजी आम्हाला मागे टाकून गेली.

नववा किलोमीटर संपतो तोच पोलीस.

रस्त्याच्या कडेला छत लावलेलं, खाली प्लास्टिकचं टेबल, पंखा, पावतीपुस्तक. पर्यटकांची रांग. एक उघडाबंब तरुण, एक चपला घातलेली मुलगी, एकाच गाडीवर बसलेले तिघं. टेबलावर दंडाचा तक्ता होता, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांसकट. ह्यांनी तो तक्ता मन लावून वाचला आणि रांगेतल्या प्रत्येकाचा गुन्हा मला हळू आवाजात समजावून सांगितला. "बघ, हेल्मेट नाही. बघ, तिघं. अशा लोकांमुळे अपघात होतात." ह्यांना बिचाऱ्यांना वाटत होतं, आपल्याला कौतुक करायला थांबवलंय.

पोलीसबाई तिशीची असेल, घामाने बेजार झालेली. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच दुकानातलं, त्यामुळे आमचं छान जमलं. तिने ह्यांचा परवाना पाहिला आणि विचारलं, "आंतरराष्ट्रीय कुठेय?"

हे म्हणाले, "मी ते देणारा अधिकारी होतो."

"मग आणायला हवा होता," ती म्हणाली आणि पावती फाडायला घेतली.

दंडाचं काही नाही हो. दंड भरला, पावती घेतली. हे पावतीवरची वेळ दोन मिनिटांनी चुकली म्हणून वाद घालत होते, तेवढ्यात बाई म्हणाली, "गाडी आता इथेच राहील. ट्रक येऊन डेपोत नेईल. परवाना असलेलं कुणी नेणार असेल तर सोडते."

एक वाजून गेला होता. बस दोन तासांनी एक, ती नुकतीच गेलेली. पुढे अकरा किलोमीटर. हे टेबलाशेजारी उभे, तोंड एवढंसं झालेलं. लेकीच्या दारापर्यंत आलेला माणूस आता हॉटेलवर परत जाणार आणि ती म्हणणार, बघ, आलेच नाहीत. माझं डोकं सटकलं. मी पर्स उघडली, गोळ्या टेबलावर काढल्या आणि मागून दोन्ही परवाने काढून बाईच्या हातात दिले.

हे बघतच राहिले. "हे काय?"

"परवाना."

"कुणाचा?"

"फोटो बघा. मीच आहे."

"तुला पास कुणी केलं?"

ऐका. एवढ्या उन्हात, एवढ्या पोलिसांत, ह्या माणसाला पहिला प्रश्न हा पडला.

पोलीसबाईने आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका उलटसुलट पाहिली. परवाना वर्षाचाही झालेला नव्हता आणि मी साठीची. तिला शंका येणं बरोबरच होतं. तिने मागे मोकळ्या जागेत रस्त्यावरचे दोन नारिंगी शंकू ठेवले आणि बोटाने हवेत आठचा आकडा काढला. "असं फिरवून दाखवा. मग देते."

मला हसू की रडू कळेना. समोर आठ, कडेला नवरा. त्याला खुर्ची कुणी दिली नव्हती, पण तो बरोबर त्याच कोनात जाऊन उभा राहिला आणि माझ्या बुटांकडे बघायला लागला.

मी गाडी चालू केली. हेल्मेट डोळ्यांवर येत होतं, ते मागे ढकललं. पहिला वळसा चांगला गेला. दुसऱ्या वळशात गाडी कलली, हँडल लटपटलं आणि डाव्या बुटाचं टोक जमिनीला लागलं. क्षणभरच. मी सावरले, आकडा पुरा केला आणि येऊन थांबले. पोलीसबाई हसली, ठीक आहे म्हणाली.

"पाय टेकला," हे म्हणाले.

"काय म्हणतायत?" बाईने मला विचारलं.

"म्हणतायत, छान चालवली."

"नाही," हे इंग्रजीत म्हणाले, अगदी स्पष्ट. "पाय. डावा पाय." आणि माझ्या बुटाकडे बोट दाखवलं.

माणसाने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यावा, पण निदान बायकोचा पाय तरी सोडावा. पोलीसबाई ह्यांच्याकडे बघत राहिली. मग दोन्ही परवाने माझ्या हातात देत म्हणाली, "आई, पाय टेकला तर टेकू दे. पडू नये म्हणूनच पाय असतो." आणि पुढच्या उघड्याबंबाकडे वळली.

मी गाडी छतापासून लांब घेतली. हे मागून आले. मी उतरले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. "लेकीकडे पोचायला एकच वाट उरली होती, तीही बंद करायला निघालात? गप्प बसला असतात तर जीभ झिजली असती का?"

"टेकला तो टेकला. मी खोटं कसं सांगू?"

आणि खरं सांगते, एवढ्या रागातही मला बरं वाटलं. वाटलं, हा माणूस असाच आहे. ह्याच्यात खोट नाही. म्हटलं, "बरं झालं. आता हेच मी लेकीला सांगते. सांगते, की तुझ्या बापाने आज स्वतःचं नुकसान होत असतानाही मला सोडलं नाही. मग तुझ्या नवऱ्याचं तो खोटं कशाला लिहील? आज तिला पटेल."

हे हेल्मेटचा पट्टा लावत होते. तो लागेना. पुन्हा काढला, पुन्हा लावला.

"तसं सांगू नकोस," हे म्हणाले.

"का?"

"त्याचा टेकला नव्हता."

मला आधी कळलंच नाही. शेजारून गाड्या जात होत्या. मी म्हणाले, "कुणाचा?"

"जावयाचा. आठ सुंदर काढला होता त्याने. चौतीस वर्षांत तसे पाच-सहाच पाहिले असतील." पट्टा सोडून दिला. "वाटलं, परवाना नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर पोरीचं मन फिरेल. एकदाच लिहिलं खोटं. एकदाच."

"एकदाच," मी म्हणाले. "आणि तेही घरात."

इतका राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. ह्यांनी खोटं लिहिलं त्याचा होताच, पण त्याहून जास्त माझाच होता. लेक माझ्यापुढे उभी राहून रडत खरं सांगत होती आणि मी तिला खोटारडी म्हणाले होते. ह्यांच्या वहीच्या भरवशावर. चार वर्षं फोनवर ती बरी आहे, ठेवते म्हणायची आणि मी मैत्रिणींना सांगायचे, लग्न झालं की पोरी बदलतात. हे सगळं चालू असताना हा माणूस शेजारी बसून पेपर वाचत होता. एकदाही म्हणाला नाही, की अगं, पोरगी खरं बोलतेय.

क्षणभर वाटलं, ह्यांना इथेच सोडावं, ट्रक येईल तेव्हा त्यातून डेपोत जातील. पण ज्याने केलं त्यानेच निस्तरायला हवं.

"बसा मागे," मी म्हणाले. "आणि लेकीच्या दारात हे तुम्ही बोलायचं. मी नाही."

बसले. मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला. अकरा किलोमीटरमध्ये क्लच, गिअर, आरसा, इशारा, कशावरही एक शब्द नाही. मला रडू येत होतं आणि हेल्मेटची काच वाफेने भरत होती, म्हणून मी ती वर करून चालवत होते. एका सिग्नलला थांबलो तेव्हा न राहवून विचारलं, "आणि माझे तीन?"

"काय तीन?"

"मला तीनदा नापास केलंत. ते?"

"तुझे टेकले होते."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. दुसऱ्या वेळी तर दोन्ही पाय."

सिग्नल हिरवा झाला. कदाचित खरं असेल. पण आता ते मी कुणाला विचारून खात्री करायची? इतकी वर्षं विचारायची गरजच पडली नव्हती.

पोचलो तेव्हा दोनला दहा मिनिटं होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दार सताड उघडं, आत खोक्यांच्या चळती. जावई दाराशी ओणवे होऊन खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. आम्हाला बघून उभे राहिले. लेक आतून आली आणि खोक्यांच्या पलीकडे थांबली. काय ती बारीक झाली होती.

मी ह्यांना कोपराने ढोसलं. हे उंबऱ्यातच उभे, डोक्यावर हेल्मेट तसंच. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून कचेरीत बोलायचे तसेच बोलले. "त्या दिवशी तुमचा पाय टेकला नव्हता. मी खोटी नोंद केली. तुम्ही पास होतात."

जावयांनी हातातली चिकटपट्टी फाडली, खोक्यावर नीट बसवली आणि अंगठ्याने दाबली. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "पाय माझाच होता."

हे मान खाली घालून उभे. मला वाटलं, आता लेक काहीतरी बोलेल, ओरडेल, ह्यांना हाकलून तरी देईल. मी त्या सगळ्याची तयारी करून आले होते. पण ती बापाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"बाबांचं मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "त्यांना तो जावई म्हणून नको होता, म्हणून त्यांनी केलं. राग आला, पण कळलं. तुझं मला कळलंच नाही, आई. मी तुझी मुलगी. मी डोळ्यांनी बघून आले होते. तू माझं का नाही ऐकलंस?"

सगळा दोष ह्यांच्यावर टाकायचा असं मी ठरवून आले होते. 'मला अर्ध्या तासापूर्वी कळलं' हे वाक्य अकरा किलोमीटर घोकत आले होते. ते वाक्य खरंच होतं, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

"मला तीनदा नापास केलं ना," मी म्हणाले, "ते मी गिळलं, का, तर हा माणूस खरा आहे म्हणून. सासरमाहेरचे हसले, तरी मी म्हणायचे, खरा आहे. तू म्हणालीस तो खोटं लिहितो. तुझं खरं मानलं असतं तर मग मी आजवर काय गिळत होते? ते मला बघायचं नव्हतं. म्हणून तुला खोटी ठरवली. तेच मला सोपं होतं."

लेकीचे डोळे भरले. "मी रोज वाट बघायचे," ती म्हणाली. "बाबांच्या फोनची नाही. तुझ्या. तू म्हणशील, बाळा, तू बघितलंस ना, मग तसंच असेल."

"तू बघितलंस," मी म्हणाले. "तसंच होतं."

खोकी ओलांडून ती आली आणि माझ्या गळ्यात पडली. जावयांनी ह्यांना एका बंद खोक्यावर बसायला सांगितलं, आणि हे बसले. तीनला टॅक्सी येणार होती. आमच्याकडे एक तास दहा मिनिटं होती आणि चार वर्षांचं बोलायचं होतं.